टेंबवाडीचं वरचं पाणी

भाटघर धरण भरलं की टेंबवाडीला चहूबाजूंनी पाणी लागतं. उन्हाळ्यात ती नुसती डोंगराची एक सोंड असते, गाळाच्या वाटेनं पायी जाता येतं. पण श्रावणापासून शिमग्यापर्यंत ते बेट. मग दळण असो, बाळंतीण असो नाहीतर मतदानाची पेटी, सगळं होडीतून. भोवती एवढं पाणी असूनही ते प्यायच्या कामाचं नाही. पावसाळ्यात गढूळ, नंतर हिरवट. वाडी जगली ती दोन झऱ्यांवर. एक वरचं पाणी, मराठ्यांच्या घरांच्या जरासं खाली, कातळाच्या कपारीतून येणारं. दुसरं खालचं पाणी, टेंबाच्या, म्हणजे वाडीच्या टेकडीच्या, पल्याडच्या अंगाला, बौद्धांच्या चार घरांजवळ.

ठकुबाई आंबवड्याहून लग्न होऊन या वाडीत आली. तिच्या सासूनं खालच्या पाण्याला जन्मात हात लावला नाही आणि सुनेलाही लावू दिला नाही. एका वर्षी भर उन्हाळ्यात वरचं पाणी आटलं, तेव्हाही सासूनं खालच्या झऱ्यावर जाण्यापेक्षा धरणातनं कळशी भरून आणायला लावली. त्या पाण्यानं घरात हगवण लागली. ठकुबाईची धाकटी मुलगी सखू, नुकती बोलायला लागलेली, दोन दिवसांत सुकून गेली. सोमनाथ, थोरला, वाचला. पुढं सासू गेली, नवरा मानसिंगही छातीत कळ येऊन गेला. ठकुबाई सखूचं नाव कुणापाशी काढायची नाही. पण तेव्हापासून वरच्या पाण्याची काळजी तिच्या अंगातच भिनली.

त्या पाण्याला खरं बळ आलं ते नूतन वाडीत यायला लागली तेव्हा. नूतन पुण्याच्या एका संस्थेत झऱ्यांचं काम करायची. शिकलेली, पण पायात चिखल भरला तरी कुरकुर न करणारी. तिनं बायांना टेंबावर नेलं, कुठं पाऊस मुरतो आणि कुठून निघतो ते दगड दाखवून समजावलं. बायांनी उतारावर चर खणले, वणवा थांबवला, जांभळं-हिरडे लावले. झरा मोजायलाही शिकल्या. कपारीच्या तोंडाशी दगडाची पन्हळ होती, तिच्याखाली कळशी लावायची आणि ती भरेपर्यंत एकसारखं मोजत राहायचं. आकडा जेवढा लहान, तेवढं पाणी जोमात. दर आठवड्याला एका घराची पाळी. वरच्या पाण्याच्या पाळ्या ठकुबाई बघायची, खालच्या पाण्याच्या तिथल्याच घरांतली भामाबाई. दोघी एका वयाच्या. पहिल्यांदा कामापुरतं बोलायच्या, नंतर एकमेकींच्या ओसरीवर बसून पान खायला लागल्या.

मारुतीच्या देवळात सगळ्या वाडीनं मिळून नियम केला. पाण्याच्या वरच्या अंगाला झाड तोडायचं नाही, जनावर सोडायचं नाही, बोअर पाडायची नाही. बोअरची गोष्ट ठकुबाईनंच काढली होती. उभी राहून म्हणाली होती, "खालनं नळी घातली तर वरचं पानी कशाला थांबंल? आपल्यात कुनी पाडायची न्हाई, आन् भायेरच्याला पाडू द्यायची न्हाई."

आणि तसा प्रसंग आलाही. पुण्याच्या एका माणसानं टेंबावर जागा घेतली, बंगला बांधायचा म्हणून मे महिन्यात गाळाच्या वाटेनं बोअरची गाडी आणली. ठकुबाई वाटेत जाऊन बसली. तिच्यामागून भामाबाई आली, मग एकेक करत सगळ्या बाया आल्या. ऊन असं की गाळाच्या भेगांतून वाफ यायची. ड्रायव्हरनं हॉर्न वाजवून पाहिला, मालकाला फोन लावून पाहिला, शेवटी गाडी मागं फिरवली. त्या दिवशी बाया दमून हसत होत्या आणि एकमेकींच्या पदरावरचा गाळ झटकत होत्या.

सोमनाथ शिरवळच्या एका कारखान्यात कामाला लागला, किकवीत खोल्या घेऊन राहिला. बायको सोनिया, दोन लहान पोरी. दर सुट्टीला आईला म्हणायचा, "आये, किकवीला चल. दारात बस थांबती, घरात नळ हाय." ठकुबाई म्हणायची, "पाळी कोन बघनार?" तो चिडायचा. त्यानं लहानपणापासून आईला एकाच रूपात पाहिलं होतं, डोक्यावर हंडा, काखेत कळशी, चढाला वाकलेली. तिचे गुडघे वाजायचे ते त्याला ऐकू यायचं.

भादव्यातल्या एका सकाळी ठकुबाई पन्हळीतला पाला काढायला वाकली आणि शेवाळावरून पाय सटकला. उठता येईना. पाऊस एवढा होता की हाका वाडीपर्यंत पोचल्या नाहीत. दुपारी भामाबाईची सून संजीवनी शेळ्या शोधत तिकडं आली तेव्हा ठकुबाई काळीनिळी पडून होती. झोळी करून होडीत घातलं, वारा सुटलेला, होडी हेलकावे खात पलीकडं पोचली. भोरच्या दवाखान्यात कळलं, खुब्याचं हाड मोडलंय. पुढं पुण्याला नेऊन ऑपरेशन केलं.

सोमनाथ दवाखान्यात तिच्या पायाशी बसायचा. एकदा सोनियाला म्हणाला, "ही एक दिवस त्या पान्यापायीच मरायची." सोनियानं सासूचं पांघरूण सारखं केलं. तिलाही तेच वाटत होतं.

त्या वर्षी ठकुबाई किकवीत राहिली. सोनियानं तिचं सगळं केलं. अंघोळ घातली, वेणी घातली, काठी धरून चालायला शिकवलं. "आत्या, घाई नका करू," म्हणायची. ठकुबाई खिडकीतून हायवेची वाहनं बघत बसायची. आठवड्यातून एकदा भामाबाईला फोन लावून विचारायची, "वरचं कितीवर हाय?" भामाबाई आकडा सांगायची, मग तिचा चेहरा जरा सैल व्हायचा.

उन्हाळा आला, गाळाची वाट उघडी पडली. वैशाखात तिनं ठरवलं, आता घरी जायचं. सोमनाथ म्हणाला, "जरा थांब आये. घराची थोडी डागडुजी करतो, मग नेतो."

तो वाडीत गेला आणि त्यानं माणसं गोळा केली. म्हणाला, "आईच्या घरामागं बोअर घ्यायची हाय. तिला आता झऱ्यावर उतरनं हुनार न्हाई. पानी लागलं तर सगळ्यांच्या दारात नळ देतो, मोटर माझी, लाईट माझी." लोक एकमेकांकडं बघायला लागले. नियम सगळ्यांना ठाऊक होता. पण ठकुबाईचा पोरगा, ठकुबाईसाठी.

भामाबाई तेवढी म्हणाली, "आयला इचारलंस का?"

"मावशी, इचारलं तर ती न्हाई म्हनंल. म्हनून तर इचारलं न्हाई."

गाडी आली. वाटेत कुणी बसलं नाही. ठकुबाईच्या घरामागं, फणसाच्या अंगाला, बोअर पडली. खोल गेल्यावर पाण्याचा असा फवारा उडाला की पोरं नाचली. सोमनाथ त्या पाण्यात भिजून उभा राहिला आणि रडला. लहानपणापासून मनात धरलेलं एक काम झालं होतं.

पावसाच्या तोंडाला त्यानं आईला ट्रॅक्टरवर बसवून आणलं. घरात शिरताना म्हणाला, "आये, डोळं मीट." ठकुबाई हसली. "ह्ये काय लहान पोरासारखं." पण तिनं डोळे मिटले. त्यानं हाताला धरून तिला मोरीपाशी नेलं. भिंतीला नवा नळ चमकत होता. "उघड."

तिनं चावी फिरवली. पाणी धो धो आलं. तिनं ओंजळ धरली. गार, स्वच्छ पाणी. क्षणभर तिला खरंच आनंद झाला, ते नंतर ती स्वतःच सांगायची. मग तिनं विचारलं, "कुठनं आनलंस रं?"

"मागं बोअर पाडली."

"मागं म्हंजी? फनसाच्या अंगाला?"

"व्हय. आता तुला पुन्यांदा तितं उतरायचं न्हाई, आये. कधीच न्हाई."

ठकुबाईचा हात पाण्याखाली तसाच राहिला. घर आणि त्याच्या बरोबर खाली झरा, मध्ये नुसता उतार. तिनं तोंड फिरवून पाहिलं. सोनिया दोन्ही पोरींना घेऊन दारात उभी होती. सगळ्यांचे चेहरे तिच्याकडं लागलेले. सोमनाथ मोबाईलवर तिचा व्हिडिओ काढत होता.

"लई गार हाय," ठकुबाई म्हणाली आणि तांब्या भरून प्यायली.

दुसऱ्या दिवशी सकाळी काठी टेकत ती टेंबाला वळसा घालून भामाबाईच्या ओसरीवर आली. नीट बसलीही नाही.

"भामे, गाडी आली तवा तू कुठं हुतीस?"

"हितंच हुते."

"मग?"

"म्या त्याला इचारलं, आयला ठावं हाय का."

"आन् बाकीच्या? मागल्या बारीला उन्हात बसल्या त्या?"

भामाबाईनं पानाचा डबा पुढं केला. ठकुबाईनं हात लावला नाही. भामाबाई म्हणाली, "बाकीच्या म्हनल्या, ठकुबायनी जल्मभर पानी राखलं, तिला एक नळ मिळाला तर आपलं काय जातंय. त्यांच्या बी दारात नळ येनार हुता. म्या एकली बसले असते गाडीम्होरं, तर लोकं काय म्हनली असती? खालच्या वस्तीतली बाई ठकुबायच्या पोराच्या आडवी आली, तिचं सुख बघवंना. मला नाय बसवलं गं."

ठकुबाई आता ओसरीवर नीट बसली. तिच्यावर रागवायचं म्हणून आली होती, पण राग निघेना.

पावसाळाभर वरचं पाणी वाहत राहिलं. लोक म्हणाले, "बघा, काय न्हाई झालं." घराघरांत नळ झाले. बाया पाळी विसरल्या. ठकुबाई मात्र एकेक पाय टाकत, बसत उठत, आठवड्याला झऱ्यावर उतरायची. कळशी लावायची, मोजायची.

दिवाळी झाली आणि आकडा वाढायला लागला. प्रत्येक आठवड्याला कळशी भरायला जास्त वेळ. ठकुबाई शाळेत गेलेली नव्हती. नूतननं तिला शंभरापर्यंत मोजायला शिकवलं होतं, त्याच्यापुढं कधी गरजच पडली नव्हती. पौषात एका सकाळी तिनं मोजायला सुरुवात केली आणि शंभर झाले तरी कळशी अर्धी. ती थांबली. पुढं काय म्हणायचं ते तिला येईना. मग तिनं पुन्हा एकपासून धरलं. पुन्हा शंभर झाले. तिसऱ्यांदा मोजायला तिनं तोंड उघडलं नाही. कळशी तशीच पन्हळीखाली ठेवून ती भामाबाईला बोलवायला गेली.

देवळात बैठक झाली. नूतनलाही बोलावलं. ठकुबाई भिंतीला टेकून उभी राहिली, खाली बसायला तयार होईना. म्हणाली, "नियम म्या मांडला हुता. माझ्याच घरानं मोडला. कुनी दुसऱ्यानं मोडला असता तर आपुन त्याला काय केलं असतं? तेच मला करा."

ज्यांच्या दारात नळ होते ते जमिनीकडं बघत होते. शेवटी हनुमंत, वाडीचा पोलीस पाटील, म्हणाला, "काकी, आमी बी हो म्हनलो हुतो. तुमी एकट्या कशाला..."

"तुमी हो म्हनला. पर पोरगा माझा हाय."

नूतननं समजावलं. टेंबाच्या पोटात कातळाचा एक थर होता, पाणी त्याच्यावर अडून कपारीतून बाहेर यायचं. बोअरनं तो थर भोसकला, पाणी आता खाली उतरून जातंय. बोअर नीट बुजवली तर कदाचित थांबेल. "खात्री देत नाही ठकुमावशी," ती म्हणाली. "उगाच आशा लावायची नाही मला."

"बुजवू," ठकुबाई म्हणाली.

सोमनाथ रविवारी आला. त्याला फोनवर सगळं कळलं होतं. आईसमोर उभं राहायचं टाळून तो सरळ घरामागं गेला. नूतननं सांगितल्याप्रमाणं माणसांनी मोटर वर ओढली, चिकणमाती आणि सिमेंट घालत नळी तळापासून भरत आणली. शेवटचं घमेलं सोमनाथनं घातलं. लोक गेले. तो फणसाखाली बसून राहिला, हातावरचं सिमेंट वाळून तडकलं तरी. ठकुबाई त्याच्या शेजारी येऊन बसली. खुब्यामुळं तिला खाली बसायला फार वेळ लागला. त्यानं आधार दिला.

"आये, मला एकदा तरी शिव्या दे."

"काय दिऊ? माझ्यासाठीच केलंस नव्हं?"

"म्हनून तर दे," तो म्हणाला.

तिला जमलं नाही. तोंडून शब्द निघाला असता तर दोघांनाही बरं वाटलं असतं. ती नुसती त्याच्या हाताची सिमेंटची खपली नखानं काढत बसली.

सगळी वाडी पुढच्या पावसाची वाट बघत राहिली. पाऊस चांगला झाला. श्रावणात कपार ठिबकली, भाद्रपदात पन्हळ वाहिली, लोक जाऊन बघून आले. दसऱ्याच्या आत ती कोरडी पडली. पुन्हा काही वाहिली नाही.

आता उरलं खालचं पाणी. भामाबाईनं कुणाला नाही म्हटलं नाही. पण एवढ्या घरांना तो झरा पुरायचा कसा? तिनं पाळ्या बांधून दिल्या. पहिल्या दिवशी सगळ्या घरांच्या बाया हंडे घेऊन टेंबाच्या पल्याड उतरल्या, ज्यांच्या आज्यांनी त्या वाटेला कधी पाय लावला नव्हता त्याही. ठकुबाई सगळ्यांत मागं उभी राहिली. भामाबाई म्हणाली, "म्होरं ये, तुझा पाय दुखतोय." ती म्हणाली, "माझी पाळी शेवटची." कुणी ठरवलं नव्हतं, तिनंच ठरवलं होतं. आणि ती उभी असताना तिला सखू आठवली. घरापासून एवढ्याच अंतरावर हे पाणी तेव्हाही होतं. ती हे भामाबाईला म्हणाली नाही. म्हणून काय करायचं होतं?

तिला हंडा उचलवेना. सोमनाथ दर रविवारी पहाटे किकवीहून मोटारसायकलवर निघायचा, होडीनं वाडीत यायचा आणि खालच्या झऱ्यावरून डोक्यावर हंडे वाहून आईचं आठवड्याचं पिंप भरायचा. एवढा थोराड माणूस, चुंबळ ठेवून चढ चढायचा. तो वाटेनं यायला लागला की बाया बोलायच्या थांबायच्या. एकदा साळूबाई, त्यांची शेजारीण, त्याला ऐकू जाईल अशा बेतानं म्हणाली, "सगळ्यांचा झरा घालवला, आता वाहतोय हंडं."

साळूबाईच्याही दारात नळ होता. ती बोलली ते ठकुबाईनं ओसरीवरून ऐकलं. सोमनाथनं मान खाली घातली आणि पाणी न सांडता हंडा आत नेला. तो उंबऱ्यातून वाकून आत गेला तेव्हा त्याच्या मानेची शीर ठकुबाईला दिसली. ती उठून आत गेली.

"सोमनाथा, पुढल्या बारीला टेम्पो सांग पलीकडं. मी येते किकवीला."

त्यानं हंडा खाली ठेवला. इतकी वर्षं ज्यासाठी विनवण्या केल्या ते ती आज आपणहून म्हणत होती, आणि त्याच्या तोंडून "बरं" एवढंही निघेना.

"का गं आये?" त्यानं शेवटी विचारलं.

"तुला हितं हंडं वाहताना बघवत न्हाई मला," ती म्हणाली.

जाताना तिनं भांडी भामाबाईला दिली, कोंबड्या संजीवनीला. खालच्या पाण्याची मोजणी आता संजीवनी करते, आकडा नूतनला मोबाईलवर पाठवते. वाडीतली निम्मी घरं त्यानंतर उठली. कुणी भोरला, कुणी शिरवळला. साळूबाईही गेली.

किकवीत ठकुबाईला काही कमी नाही. सोनिया तिला आईसारखं बघते. पोरी तिच्या अंथरुणात झोपतात. फक्त सोमनाथ आणि ती पाण्याचं कधी बोलत नाहीत. नळाचं पाणी आलं नाही तर तो तिच्यासमोर सोनियाला तसं सांगतही नाही, गुपचूप टँकरवाल्याला फोन लावतो.

मागच्या चैत्रात तिनं म्हटलं, आसरांची ओटी भरायची राहिलीय. झऱ्यावर शेंदूर लावलेले सात दगड होते, पाण्याच्या देवतांचे. सोमनाथनं सुट्टी काढली. गाळाची वाट अजून ओली होती, मोटारसायकल पुढं जाईना. त्यानं तिला पाठीवर घेतलं आणि टेंबापर्यंत नेलं. पन्हळीत पाला साचला होता, कपारीत कोळ्यानं जाळं केलेलं. ठकुबाईनं ओटी भरली, नारळ सोमनाथच्या हातात दिला. त्यानं दगडावर फोडला. नारळाचं पाणी कोरड्या कातळावर सांडलं आणि बघता बघता वाळलं.

तेवढ्यात ठकुबाईला हुंदका आला. मानसिंग गेला तेव्हा ती अशी रडली नव्हती. मोठ्यानं, तोंडावर पदर न घेता रडली. सोमनाथ तिचे पाय धरून बसला. तो काहीतरी म्हणत होता, काय ते तिला कळत नव्हतं. तिनं त्याचं डोकं मांडीवर ओढून घेतलं.

आवाज ऐकून भामाबाई वळसा घालून वर आली. ती तशीच परत गेली आणि खालून तांब्याभर पाणी घेऊन आली. ठकुबाईनं तोंड धुतलं, दोन घोट प्यायली, उरलेलं सोमनाथला दिलं.

"जेवून जावा," भामाबाई म्हणाली.

"नको गं, ह्याला उद्या कामाव जायचंय," ठकुबाई म्हणाली. सोमनाथ खाली वाकला आणि ती त्याच्या पाठीवर बसली.